कंडक्टरांच्या अंगणातलं गाऱ्हाणं

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक विचारतात, पाहुणे फार येतात का, कुत्रं-मांजर पाळता का. या गृहस्थांनी मला दारातच उभं करून विचारलं, "पोरां किती?"

"एकच मुलगी आहे," मी घाईघाईने म्हटलं. "पण अगदी शांत आहे हो. भिंती रंगवत नाही, आरडाओरडा नाही."

"शांत?" त्यांचा चेहरा पडला. "मग कठीण हाय. बगू, सुदरंल."

बँकेतल्या बदलीने साताऱ्याहून रत्नागिरीत येऊन पडले, तेव्हाची ही गोष्ट. घर मांडवीच्या मागच्या गल्लीत होतं. चिऱ्याचं, कौलारू, पुढच्या भागात मालक एकटे आणि मागच्या दोन खोल्या भाड्याला. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेली असल्यामुळे गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची. फाटकावर नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. उंची बेताची, आवाज मात्र भरलेल्या गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. साधं "चहा झाला काय?" विचारलं तरी समोरच्या घरातून उत्तर यायचं.

घर द्यायचं ते लहान मुलं असलेल्यांनाच, हा त्यांचा पहिला नियम. कारण विचारलं तर म्हणाले, "मोठी मान्सा म्हंजी निबर झालेली भेंडी. शिजवा किती शिजवायची ती." हे त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं.

दुसरा नियम सामान उतरवताना कळला. आमची निळी कचऱ्याची बादली त्यांनी टेम्पोतून खाली उतरूच दिली नाही.

"ही आत नको. बादली ठेवली का मान्साला ती भरायाची हाव सुटते."

"मग कचरा टाकायचा कुठे?"

"क्येलात तर टाकायचा प्रश्न," कंडक्टर म्हणाले आणि आमचा पंखा उचलून आत घेऊन गेले.

हळूहळू व्यवस्था ध्यानात आली. भाजीची सालं, माशांची डोकी, खरकटं, सगळं माडाच्या आळ्यात पुरायचं. कागद न्हाणीच्या चुलीत. राहता राहिलं प्लास्टिक. ते धुवायचं आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचं. गठ्ठा झाला की पोरांनी तो घंटागाडीवर नेऊन द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ही दोरी गल्लीतून स्वच्छ दिसायची, आणि आपण काय खातो, काय मागवतो, हे सगळी गल्ली वाचू शकायची. पहिल्या आठवड्यात माझी दोरी अशी भरली, की नव्या दुकानाचं उद्घाटन असावं. नूडल्सची पाकिटं, वेफर्सची पाकिटं, ऑनलाइन पार्सलांच्या काळ्या-पांढऱ्या पिशव्या, सगळं वाऱ्यावर फडफडत होतं. पलीकडची म्हातारी फाटकाशी थांबून मोठ्या मायेने म्हणाली, "म्याडम, बरा नाय काय तुमाला? जेवन धाडू?"

पर्यावरणावर मी तोपर्यंत पुष्कळ वाचलं होतं. दोन लेख तर इतरांना फॉरवर्डही केले होते. पण मला सुधारलं ते म्हातारीच्या त्या प्रश्नाने. लाज ही फार गुणकारी गोष्ट आहे, फक्त ती दोरीवर टांगता आली पाहिजे.

कंडक्टरांचा हा नाद जुनाच. आमच्या बँकेत गुहागरचा एक जण होता, तो लहानपणापासून त्यांच्या गाडीतून प्रवास केलेला. त्याने सांगितलेला किस्सा असा. घाटात एका प्रवाशाने बिस्किटाचा पुडा संपवला आणि कागद खिडकीतून सोडून दिला. कंडक्टरांनी एक बेल मारली. गाडी थांबली.

"उतरा. घेऊन या."

प्रवासी चिडला. "मी उतरलो आणि गाडी गेली तर?"

"गाडी माज्या घंटीवर जाते. मी हितंच हाय."

सगळी गाडी खिडक्यांतून माना काढून बघत राहिली. तो बाबा तणतणत मागे गेला, आपला कागद उचलला आणि रागाच्या भरात शेजारी पडलेली दुसऱ्याच कुणाची बाटलीही उचलून आणली. कंडक्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "एकाच्या जागी दोन आणलान, उपकार झाले," असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं आणि डबल बेल दिली.

हे खरं का, म्हणून मी एकदा त्यांनाच विचारलं. "खरा म्हंजी? तक्रार झाली माजी. सायबानं ईचारलान, गाडीला उशीर का? मी सांगितला, कचरा चढायचा ऱ्हायलावता."

पण कंडक्टरांचा खरा थाट बघायचा तर संध्याकाळी, अंगणातल्या फणसाखाली. त्यांचं मूळ गाव आत, संगमेश्वराच्या वरच्या अंगाला. तिथे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. एकाने सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात देवाला सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्या माणसांनी एकमुखाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नोकरीमुळे गाव सुटलं आणि मान धाकट्या भावाकडे गेला, पण आवाज ह्यांच्याकडेच राहिला. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी गल्लीतली पोरं गोळा केली.

"बा देवा म्हाराजा!" कंडक्टर फणसापुढे हात जोडून उभे राहायचे.

"व्हय म्हाराजा!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची.

"आज ही जी काय तुजी लेकरां तुज्या पायाशी हुबी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या हातून कळत नकळत काय वाकडा झाला असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पोटात घाल, आनि त्यांना सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

एवढी प्रस्तावना झाली की पोरांची पाळी. ज्याला जे सांगायचं ते त्याने फणसाला सांगायचं. नियम मोजकेच होते. आधी स्वतःची चूक, मग दुसऱ्याची. शिक्षा मागायची नाही, फक्त सुबुद्धी मागायची. आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं असेल तो हजर असला, तर त्यानेही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग तो कितीही मोठा असो.

माझी शांत कन्या मनू महिन्याभरात सुधारली. एका संध्याकाळी मी बाजारातून येते तर फणसाखालून तिचा आवाज, "बा देवा म्हाराजा! मी आज दात घासताना नळ उघडा ठेवला."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझी आई कापडी पिशवी दाराला अडकवून तशीच बाजारात गेली. आता ती प्लास्टिकच्या पिशवीतून कोथिंबीर आणणार."

"व्हय म्हाराजा!"

"तिला सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

मी फाटकात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. सगळी पोरं माझ्याकडे वळून वाट बघत उभी. कंडक्टर मिशीतल्या मिशीत हसत आकाशाकडे बघत होते. बँकेत माझ्या हाताखाली माणसं आहेत, मी त्यांना झापते. त्या दिवशी मी कोथिंबीर छातीशी धरून "व्हय म्हाराजा" म्हटलं.

त्यांच्या गावाकडचा भाऊ एकदा आला होता, तो हे बघून बिथरलाच. "देवाचा गाराना तू पोरांच्या खेळात आणलास?"

"देवाला पोरांचा आदी ऐकू जाता," कंडक्टर म्हणाले. "तुजा तरी एवढी वर्सा कुठं ऐकलान?" भाऊ मग फणसाचे गरे खात बसला.

उपदेश मात्र ते कधी करत नसत. मनूच्या शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प होता. आम्ही मायलेकींनी दोन संध्याकाळी खपून 'वसुंधरा वाचवा' असा देखावा केला. चमचमती झाडं, निळाशार समुद्र आणि मधोमध गरगर फिरणारी गोल पृथ्वी. मोठ्या हौसेने कंडक्टरांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, पृथ्वीला बोटाने टिचकी मारली.

"कशाची क्येलात?"

"थर्माकोलची," मनू म्हणाली, आणि बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला. कंडक्टरांनी चष्मा काढला आणि फणसाकडे जरा बघून घेतलं, बस. रात्रीचं जेवण होईपर्यंत आमची वसुंधरा मोडीत निघाली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली ती वरच्या सोडणासकट, न सोललेल्या आख्ख्या नारळाची पृथ्वी, चुन्याने खंड काढलेली. बक्षीस मिळालं नाही. पृथ्वी तपकिरी कशी, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं. मनूने त्यांच्यासाठीही सुबुद्धी मागितली.

अशा या माणसाला एक पोटची मुलगी होती, आणि ती ठाण्याला असायची. फोन यायचे, पण छोटे. कधी आलीच तर सकाळी येऊन संध्याकाळी परत. नातू सात-आठ वर्षांचा झाला तरी आजोळी मुक्कामाला असा कधी राहिलाच नव्हता. हे कंडक्टर स्वतःहून बोलायचे नाहीत. गल्लीभरची पोरं अंगाखांद्यावर खेळवणारा माणूस, त्याचं स्वतःचं नातवंडच तेवढं लांब, याचं मला फार वाईट वाटायचं.

आणि त्या मे महिन्यात लेकीचा फोन आला, चार दिवस राहायला येते म्हणून.

कंडक्टर भर उन्हात माझ्या दारात. "म्याडम, पोर रमला पायजे. नाय रमला तर ती पुन्ना येयाची नाय. माज्या हातात हे चारच दिवस हायत."

"रमेल हो. मनू आहे, बाकीची पोरं आहेत."

"माज्यामुळं नाय रमायचा," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणातली प्लास्टिकची दोरी उतरलेली. पोरांना ताकीद, की पाव्हणे असेपर्यंत गाऱ्हाणं बंद. आणि कळस म्हणजे पडवीत, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी, झाकणाची नवीकोरी लालभडक कचऱ्याची बादली! पायाने दाबली की आ वासणारी! पोरं तिच्याभोवती अशी जमली, जशी पिंजऱ्यात सापडलेल्या वाघाभोवती जमतात. मनू मला कुजबुजत म्हणाली, "आई, आजोबांना बरं नाही का?"

लेक आली. चाळिशीची, चटपटीत, बोलणं थेट शहरातलं. पडवीत पाऊल टाकलं, बादली बघितली आणि जागच्या जागी थबकली. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आली तेव्हा तिनेही तेच विचारलं, "बाबांची तब्येत ठीक आहे ना हो?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. पोटात ठेवणं मला जमत नाही. ती ऐकत राहिली, मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "तुमची मनू किती हसते ओ इथे. मला हेवा वाटतो. आमच्या वेळी गाऱ्हाणं-बिऱ्हाणं नव्हतं. नुसतं नको. हे नको, ते नको, हे कशाला, ते कशाला. गावच्या शिमग्याला मी एकदा फुगा मागितला. लाल, लांबडा होता. सगळ्या पोरींच्या हातात होता. बाबा म्हणाले, फुटल्यावर त्याचं काय करशील ते सांग, मग घेतो." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी पाच वर्षांची होते. फुटल्यावर काय करायचं ते मला कसं ठाऊक असणार?"

माणूस चुकीचा नव्हता आणि मुलीचं दुःखही खोटं नव्हतं. अशा वेळी आपण बिस्किटं पुढे करतो, तशी मी केली.

ते दिवस मोठे अवघडलेले गेले. कंडक्टर पडवीत पाव्हण्यासारखे बसायचे. नातवाने आंब्याच्या साली बादलीत टाकल्या, वेफर्सची पाकिटं टाकली, की त्यांचा हात नुसता उठायचा आणि परत मांडीवर यायचा. "टाक, टाक हो बाळा," म्हणायचे, आणि घशात काटा अडकल्यासारखा चेहरा करायचे. नातू मोबाईलमध्ये. लेक खुर्चीत. भांडण नव्हतं, पण रमणंही नव्हतं.

पण पोरांना बंदी घालून ती पाळली जाते असं ज्याला वाटतं, त्याने पोरं बघितलेलीच नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. लेक पडवीत, कंडक्टर तिच्या बाजूला. आणि फणसाकडून अचानक एक कोवळा, ठाण्याचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गल्लीची सगळी फौज. मनूने नातवाला दुपारभर शिकवून तयार केलं होतं.

"मी तीन दिवस खूप पॅकेट्स खाल्ली."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या आजोबांनी एक रेड डस्टबिन आणली. ती त्यांना आवडत नाही, तरी आणली. ते खोटं खोटं हसतात."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांना सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

पोरं पडवीकडे वळली. नियम तो नियम. कंडक्टर उठले, हात जोडले आणि "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मला हसू आवरेना, पण मी तांदळात तोंड घालून बसले, कारण त्यांच्या मागोमाग लेकही उठली होती.

ती पायऱ्या उतरून अंगणात आली. पोरांनी वाट दिली. फणसापुढे उभी राहिली, पदर नव्हता म्हणून ओढणीच डोक्यावर घेतली, आणि तोंड उघडलं तर सगळं ठाणं गळून पडलं. शब्द बापाच्या गावचे, आवाजही बापाचाच.

"बा देवा म्हाराजा!"

पोरं इतकी दचकली, की प्रतिसाद एका क्षणाने उशिरा आला. "व्हय म्हाराजा!"

"मी माज्या बापाशीला लय वर्सा येकटा ठेवला."

"व्हय म्हाराजा!"

"माज्या बापाशीनं आख्ख्या जगाचा कचरा उचललान. गाडी थांबवून उचललान."

"व्हय म्हाराजा!"

"पन माज्या हातात कदी येक फुगा नाय दिलान!"

पोरांना यातलं काही कळत नव्हतं. ती आपली जीव तोडून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"त्याला सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर कंडक्टरांनी ते म्हटलं. एकट्याने, आणि इतकं हळू की मला फक्त ओठ हललेले दिसले. मग त्यांनी चपला घातल्या आणि कुणाकडेही न बघता फाटकाबाहेर पडले.

लेक फणसाला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. "मी काय करून बसले?" ती मला म्हणाली. "आता ते बोलायचेच नाहीत माझ्याशी." मी तिच्याजवळ गेले. पोरंही जवळ सरकली. आपण नेमकं काय मागितलं आणि ते लागू पडलं की काय, अशी भीती त्यांच्या तोंडांवर दिसत होती.

उजेड जायला आला तशी गल्लीच्या टोकाला गडबड ऐकू आली. पलीकडची म्हातारी ओरडत होती, "अगो बाय! बगा तरी, कंडाक्टर बगा!" माणसं दारांत येत होती. मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फुगेवाले असतात. तिथून, गल्लीच्या मधोमध, जन्मभर दुसऱ्यांच्या हातचे फुगे-पिशव्या-कागद यांच्या मागे लागलेला हा माणूस लाल लांबडा फुगा काठीला लावून, पालखीपुढचा निशाणवाला चालतो तसा ताठ चालत येत होता. कुणी हसलं तर हसू देत होता.

नातू धावत पुढे गेला, दोन्ही हात वर. कंडक्टरांनी फुगा उंच धरला. "तुजा नाय रे. तुज्या आयशीचा हाय."

त्यांनी तो लेकीच्या हातात दिला. चाळीस वर्षांची बाई काठी दोन्ही मुठींत धरून उभी राहिली. ओठ थरथरत होते, आणि हसूही फुटत होतं. कंडक्टरांच्या तोंडात काहीतरी आलं. ते काय असणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तरी ते आलंच.

"फुटल्यावर..." ते म्हणाले.

लेकीने मान वर केली.

"फुटल्यावर दुसरा आनू गो बाय," कंडक्टर म्हणाले.

ती फुग्यासकट त्यांच्या गळ्यात पडली. पोरांनी, कुणी सांगितलं नसताना, टाळ्या पिटल्या. मी रडले, ते मी नाकारणार नाही. रडता रडता मोठ्याने हसलेही.

त्या रात्री तिने ठाण्याला फोन करून रजा वाढवून घेतली, आणि आल्यापासून भरलेलीच ठेवलेली बॅग उघडून लेकाचे कपडे आईच्या जुन्या कपाटात लावले. चार दिवसांसाठी आलेली ती मायलेकरं शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गेली.